ई-चलान पोहोचते, रिकॉल का पोहोचत नाही?

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली

विषय : विजेवरच्या मोटारींच्या सदोष बॅटऱ्या आणि मालकांना अंधारात ठेवण्याची रीत

गडकरीसाहेब,

एप्रिल 2022 मध्ये आपण वाहन कंपन्यांना एक जाहीर इशारा दिला होता. पुण्यात लोहगावला रस्त्याच्या कडेला उभी असलेली स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ तेव्हा ज्याच्या-त्याच्या फोनवर फिरत होता. वेल्लोरला बापलेकीचा जीव गेला होता, नाशिकला कंटेनरमधल्या नव्याकोऱ्या स्कूटर जळून गेल्या होत्या. तज्ज्ञांची समिती नेमली आहे, कोणाची हलगर्जी दिसली तर जबर दंड करू, सदोष गाड्या परत बोलवायला लावू, आणि तोवर कंपन्यांनी आपणहूनच त्या परत बोलवाव्यात, असा आपल्या बोलण्याचा रोख होता. त्याच महिन्यात ओलाने 1,441 आणि ओकिनावाने 3,215 स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. पुढे बॅटरीच्या चाचण्यांचे निकष कडक झाले. पहिला टप्पा 1 डिसेंबर 2022 ला आणि दुसरा 31 मार्च 2023 ला लागू झाला. मंत्र्याने बोलावे आणि वर्षाच्या आत नियम अमलात यावा, हे आपल्याकडे रोज घडत नाही. म्हणून आधी आभार मानतो आणि मग तक्रारीकडे वळतो.

ते निकष नव्याने तयार होणाऱ्या बॅटरीसाठी आहेत. विकली गेलेली, हप्ते चालू असलेली, सोसायटीच्या तळघरात रात्री चार्जिंगला लावलेली गाडी सदोष निघाली, तर तिच्या मालकाला कोण कळवणार, कधी आणि कोणत्या शब्दांत? माझ्याकडे हिरव्या पाटीची मोटार आहे. ती घेतल्याचा पश्चात्ताप मला झालेला नाही. हे आधीच सांगतो, कारण असे पत्र लिहिणाऱ्यावर 'पेट्रोलवाला' असा शिक्का लगेच बसतो. पेट्रोल-डिझेलच्या गाड्याही पेटतात, घाटात त्यांचे सांगाडे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. माझी भीती आगीची कमी आणि लपवाछपवीची जास्त आहे.

एक प्रसंग सांगतो. कंपनीचे नाव घेत नाही, कारण तिच्या जागी दुसरी असती तरी असेच घडले असते. सर्व्हिस सेंटरमधून फोन आला : "सर, बॅटरीचं एक छोटंसं सॉफ्टवेअरचं काम आहे, फ्री आहे. शनिवारी गाडी लावता का?" कशासाठी, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, "वरूनच आलंय सर." शनिवारी गेलो. जॉबकार्डवर तीन ओळी होत्या. वॉशिंग, टायर रोटेशन, आणि तिसऱ्या ओळीत आकड्या-अक्षरांचा एक कोड, पुढे 'कॅम्पेन'. मी विचारले, "हा रिकॉल आहे का?" काउंटरवरचा मुलगा दचकला. "नाही नाही सर, रिकॉल वगैरे काही नाही." बरे, काम होईपर्यंत चार्जिंग किती करायचे? "तसं काही नाही सर, पण शक्यतो फुल नका करू." ते 'शक्यतो' मला कागदावर लिहून द्या, असे म्हटल्यावर तो आत गेला आणि बऱ्याच वेळाने माझ्यासाठी चहा घेऊन आला. संध्याकाळी गाडी धुऊन-पुसून मिळाली. पूर्ण चार्जला पडद्यावर दिसणारे किलोमीटर मात्र पूर्वीपेक्षा कमी झाले होते. काय बदलले, का बदलले, याचा एक शब्दही बिलावर नव्हता. त्या मुलावर माझा राग नाही, त्याला जेवढे सांगितले गेले तेवढेच तो बोलणार. पण माझ्या गाडीच्या बॅटरीत काय खोट होती हे मला सोडून बाकी सगळ्यांना ठाऊक आहे, ही भावना काही चांगली नाही.

हे नुसते वैयक्तिक गाऱ्हाणे ठरू नये म्हणून एक बाहेरचे प्रकरण जरा सविस्तर मांडतो. जनरल मोटर्सची शेवरोले बोल्ट ही अमेरिकेतली सर्वसामान्यांना परवडेल अशी विजेवरची मोटार. तिच्यातल्या बॅटऱ्या दक्षिण कोरियातल्या एलजीच्या. नोव्हेंबर 2020 मध्ये कंपनीने 2017 ते 2019 या सालांतल्या जवळपास 69 हजार गाड्यांचा रिकॉल जाहीर केला आणि मालकांना सांगितले, 90 टक्क्यांच्या वर चार्ज करू नका. 2021 च्या वसंतात सॉफ्टवेअरची दुरुस्ती आली, 90 टक्क्यांची मर्यादा उठली, लोकांनी निःश्वास टाकला. 1 जुलैला व्हर्माँट राज्यातल्या एका आमदाराची बोल्ट घरासमोर चार्जिंगला असताना पेटली. तिच्यावर ती दुरुस्ती झालेली होती.

मग पुन्हा रिकॉल झाला. ऑगस्ट 2021 पर्यंत त्यात तोवर बनलेली एकूण एक बोल्ट आली, आणि आकडा गेला सुमारे 1 लाख 42 हजारांवर. दोष कुठे होता? बॅटरीच्या एका पाकिटात धन आणि ऋण बाजूचे पातळ पत्रे एकावर एक रचलेले असतात आणि दर दोहोंमध्ये एक विभाजक पापुद्रा असतो, पापडांच्या चळतीत प्लास्टिकचा कागद घालतात तसा. काही पाकिटांत ऋण पत्र्याचा जोडपट्टा फाटलेला होता आणि विभाजकाला घडी पडली होती. यातला एकच दोष असता तर कदाचित निभावले असते. दोन्ही एकाच पाकिटात आले की आतल्या आत शॉर्ट सर्किट होण्याची शक्यता तयार होई. बोल्टमध्ये अशी पाकिटे 288. त्यातले कोणते बिघडलेले आहे, ते मालकाला कळण्याची सोय नव्हती. गाडी खडखडत नाही, वास येत नाही, दिवा लागत नाही.

त्या वर्षभरात बोल्टच्या मालकांना मिळालेल्या सूचना मुद्दाम वाचण्यासारख्या आहेत. 90 टक्क्यांच्या वर चार्ज करू नका. 70 मैलांच्या खाली बॅटरी उतरू देऊ नका. चार्जिंग झाल्याबरोबर गाडी बाहेर काढा, रात्रभर घरात चार्जिंगला ठेवू नका. पार्किंगच्या इमारतीत लावायची तर सर्वांत वरच्या उघड्या मजल्यावर आणि दुसऱ्या गाडीपासून 50 फूट दूर लावा. म्हणजे वरून दहा टक्के गेले, खालून 70 मैल गेले, मधल्या उरलेल्या तुकड्यावर मिशिगनच्या हिवाळ्यात संसार करायचा. काही पार्किंगवाल्यांनी बोल्टला प्रवेश नाही अशा पाट्या लावल्या. मालकांचे हाल झाले, यात वाद नाही. पण या सूचना त्यांना स्पष्ट शब्दांत आणि जाहीरपणे मिळाल्या होत्या, त्यामुळे कोर्टात दाखवायला त्यांच्या हातात कागद होता.

शेवट मिश्रच झाला. 2017 ते 2019 च्या गाड्यांना नवी, थोडी मोठी बॅटरी मिळाली आणि रेंज 238 मैलांवरून 259 मैलांवर गेली. म्हणजे ज्यांनी सर्वांत जास्त भीती सोसली त्यांना वर बोनस. 2020 ते 2022 च्या मालकांना मात्र पुढे सांगण्यात आले की आता एक निदान करणारे सॉफ्टवेअर टाकू, ते काही हजार किलोमीटर गाडीला 80 टक्क्यांवर रोखून बॅटरीवर नजर ठेवील, आणि खोट दिसली तरच बॅटरी बदलू. सरसकट बॅटरीची वाट पाहणाऱ्यांच्या तोंडाला पाने पुसली गेली. सुमारे दोन अब्ज डॉलरच्या या खर्चातला बहुतेक वाटा एलजीने उचलला आणि मालकांचा दावा 2024 मध्ये 15 कोटी डॉलरवर मिटला.

ह्युंदाई कोनाचे रामायणही याच वळणाचे आहे. कोरियात ऑक्टोबर 2020 मध्ये रिकॉल झाला, सॉफ्टवेअर बदलले. जानेवारी 2021 मध्ये देगू शहरात सॉफ्टवेअर बदललेली कोना पेटली. पुढच्याच महिन्यात कंपनीने जगभरच्या सुमारे 82 हजार गाड्यांच्या बॅटऱ्या बदलायचे ठरवले, खर्च एक लाख कोटी वॉन. बॅटऱ्या पुन्हा एलजीच्याच. आणि कोना आपल्याकडेही होती : डिसेंबर 2020 मध्ये भारतात 456 गाड्यांचा रिकॉल जाहीर झाला होता. (जाता जाता : जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना आता ह्युंदाईकडे आहे. विजेच्या गाड्यांचा हा धडा देणारी दोन्ही नावे आम्हा पुणेकरांच्या वेशीवरचीच.)

दोन कंपन्या, दोन देश, आणि दोन्हीकडे पहिला उपाय म्हणून आलेले सॉफ्टवेअर अपुरे ठरले. मला फोनवरून ज्या हलक्या आवाजात 'छोटंसं सॉफ्टवेअरचं काम' सांगितले गेले, तो आवाज ऐकून माझ्या पोटात गोळा का आला, हे आपल्या लक्षात येईल. सॉफ्टवेअर वाईट असते असे मी म्हणत नाही. ते कधी खरा इलाज असते आणि कधी वेळ काढण्याचे साधन. आपल्या गाडीच्या बाबतीत त्यातले काय आहे, ते मालकाला ठरवता येईल एवढी माहिती त्याला मिळाली पाहिजे.

आता आपल्या कायद्याकडे येतो. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110-अ आले, ते आपल्याच कारकिर्दीत. सदोष गाडी परत बोलवा, असा आदेश कंपनीला देण्याचा अधिकार त्याने केंद्राला दिला. कंपनीने मालकाला पूर्ण किंमत द्यावी, तशीच किंवा सरस गाडी द्यावी किंवा दुरुस्त करून द्यावी, असे ते कलम म्हणते. नियम 127-सी 1 एप्रिल 2021 पासून लागू आहे आणि दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत आहे. कागदावर हे उत्तम आहे. मेख आहे ती नियमासोबतच्या तक्त्यात. वर्षाला किती गाड्या विकल्या आणि त्यांतल्या किती मालकांनी तक्रार केली, या हिशेबावर सक्तीचा रिकॉल बेतलेला आहे. ब्रेक घसरतो, स्टिअरिंग जड जाते, दार नीट लागत नाही अशा दोषांना हा हिशेब ठीक आहे. शेकडो लोकांना तो त्रास होतो आणि शेकडो लोक तक्रार करतात. बॅटरीतला घडी पडलेला पापुद्रा कोणाला त्रास देत नाही. तो आधी काहीच करत नाही आणि मग एकदम गाडी जाळतो. बोल्टचा पहिला रिकॉल झाला तेव्हा पेटलेल्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि शेवटी परत बोलवाव्या लागल्या त्या 1 लाख 42 हजार. आपल्या तक्त्याने मोजायचे ठरवले असते, तर तक्रारींचा आकडा भरायला आणखी किती गाड्या जळाव्या लागल्या असत्या?

कलमात इतर दरवाजेही आहेत, हे मला ठाऊक आहे. चाचणी संस्थेने कळवले किंवा अन्य कोठून दोष कळला, तरी सरकारला पाऊल उचलता येते. जून 2022 मध्ये वसईत एक नेक्सॉन ईव्ही पेटली तेव्हा सरकारने एका गाडीवरून चौकशी लावलीच होती. तीच रीत नियमात लिहून टाका : प्रवासी मोटारीच्या बॅटरीने पेट घेतल्याची एक घटना म्हणजे चौकशीला पुरेसे कारण. आणि चौकशीचा निष्कर्ष त्या मॉडेलच्या प्रत्येक मालकापर्यंत गेला पाहिजे.

याच नियमातली आणखी एक विसंगती आपल्या नजरेत आणून देतो. सक्तीच्या रिकॉलसाठी गाडीचे वय सात वर्षांच्या आत हवे. आपल्याकडच्या अनेक विजेवरच्या मोटारींच्या बॅटरीवर कंपन्या वॉरंटी देतात आठ वर्षांची. म्हणजे कंपनीने स्वतः ज्या बॅटरीची हमी घेतली आहे, तिच्यावरचा सरकारचा हात एक वर्ष आधीच निघतो! 2019-20 साली ज्यांनी धाडस करून पहिल्यावहिल्या गाड्या घेतल्या, त्या आता याच रेषेला येऊन टेकत आहेत. वाहन तेच राहील, बॅटरी तीच राहील, धोका असला तर तोही तोच राहील. फक्त नियमाच्या लेखी ती गाडी म्हातारी होईल.

पण माझा मुख्य आग्रह याहून साधा आहे आणि त्याला कायद्यात कानामात्राही बदलावा लागत नाही. द्रुतगती मार्गावर वेग थोडा वाढला की घरी पोहोचायच्या आत माझ्या फोनवर ई-चलान येते. गाडीचा नंबर, फोटो, जागा, वेळ, दंडाची रक्कम, सगळे बिनचूक. हे जमते, कारण 'वाहन' या सरकारी प्रणालीच्या नोंदीत गाडी, तिचा मालक आणि त्याचा मोबाइल एकमेकांना जोडलेले आहेत. त्याच नोंदीत चासी नंबर आहे, आणि रिकॉल कोणत्या चासी नंबरांचा आहे हे कंपनीला तंतोतंत माहीत असते. या दोन याद्या एकमेकींना जोडायला किती दिवस लागतील, ते आपल्या खात्यातला एखादा तरुण अभियंता सांगेल. आज मात्र रिकॉलची खबर कंपनी देते, आणि तीही तिच्याकडे ज्याचा फोन नंबर आहे त्यालाच. गाडी एकदा दुसऱ्या हाती गेली, फॉर्म 29 आणि 30 भरून नवे नाव लागले, की नव्या मालकाचा पत्ता कंपनीच्या यादीत असेलच असे नाही. कोल्हापूरच्या एखाद्या शिक्षकाने पुण्यातून तीन वर्षे वापरलेली विजेची गाडी घेतली आणि सर्व्हिसिंग गावातल्या ओळखीच्या गॅरेजात केले, तर तिच्या रिकॉलचा फोन पहिल्या मालकाला जाणार आणि तो म्हणणार, "मी विकली हो ती."

अमेरिकेत कंपनीने सरकारला दोष कळवल्यापासून 60 दिवसांत नोंदणीकृत मालकाला टपालाने पत्र गेलेच पाहिजे. शिवाय चासी नंबर टाकला की कोणालाही सरकारी संकेतस्थळावर त्या गाडीचा राहिलेला रिकॉल दिसतो, आणि किती गाड्यांचे काम झाले याचा तिमाही हिशेब कंपनीला द्यावा लागतो. जर्मनीत तर गंभीर दोषाच्या रिकॉलला दाद न देणाऱ्या मालकाची गाडी रस्त्यावरून उतरवतात. मी इतका कडकपणा मागत नाही. आमच्याकडे सर्व्हिस सेंटरला बॅटरीच्या रांगेत गाडी लावली की ती कधी परत मिळेल याची खात्री नसते, तिथे आधीच मालकावर बडगा नको. पण त्या 456 कोनांपैकी कितींचे काम पूर्ण झाले, हे मला घरबसल्या एका ठिकाणी वाचता आले पाहिजे. आरसीच्या ॲपमध्ये विम्याची मुदत दिसते, फिटनेसची दिसते, त्याच पडद्यावर 'रिकॉल बाकी' अशी एक ओळ दिसावी. मालकी बदलताना ती ओळ नव्या मालकासमोर यावी आणि विम्याच्या नूतनीकरणालाही यावी. विजेच्या गाड्यांना पीयूसी लागत नाही, त्यामुळे वर्षातून एकदा कोणीतरी गाडीचे कागद उघडून पाहण्याची विमा ही एकमेव जागा आहे.

रिकॉल उघड केला तर लोक घाबरतील, विक्री बसेल, असे आपल्याला कंपन्या सांगत असतील. घबराट कशी पसरते हे मी आमच्या सोसायटीत पाहिले आहे. कुठल्याशा गाडीचा जळतानाचा व्हिडिओ ग्रुपवर आला, देश कोणता, गाडी कोणती, काही पत्ता नाही. रविवारी मीटिंग बसली. सेक्रेटरींनी ठराव मांडला की तळघरात चार्जिंग बंद. एका काकांनी विचारले, "तुमच्या गाडीचा काही प्रॉब्लेम नाही ना निघालेला?" चार ईव्हीवाले एकमेकांकडे पाहून गप्प बसले. खरे बोलावे तर पार्किंग जाते आणि खोटे बोलावे तर शेजाऱ्यांचा विश्वास. 1 ऑगस्ट 2024 ला कोरियात इंचॉनमधल्या एका वसाहतीच्या तळघरात उभी असलेली मर्सिडीज पेटली तेव्हा ती चार्जिंगलाही नव्हती. आगीत आजूबाजूच्या डझनावारी गाड्या गेल्या, स्प्रिंकलर बंद केलेला आढळला, आणि गाडीत बॅटरी कोणाची हे मालकांना आधी माहीतच नव्हते. त्यानंतर तिथल्या सरकारने कंपन्यांना बॅटरी बनवणाऱ्याचे नाव जाहीर करायला लावले. आपल्याकडे शोरूममध्ये सनरूफच्या माहितीपत्रकाला चार पाने असतात, पण बॅटरीतले सेल कोणाचे, हे विचारले की सेल्समन मॅनेजरकडे पाहतो आणि मॅनेजर छताकडे. सरकारी शिक्क्याचा कागद हातात असता, तर मी मीटिंगमध्ये तो वाचून दाखवला असता : दोष अमुक, माझी गाडी यादीत आहे किंवा नाही, असल्यास काम होईपर्यंत ती वरच्या मोकळ्या जागेत लागेल. सेक्रेटरींचा ठराव मग सरसकट सगळ्यांवर पडला नसता.

म्हणून मजकुराचाही आग्रह धरतो. 'ग्राहकांच्या सोयीसाठी विशेष तपासणी मोहीम' असल्या भाषेला मनाई करा. संदेश मालकाच्या भाषेत जावा. त्याचा मसुदा मी आपल्या अधिकाऱ्यांचे श्रम वाचावेत म्हणून इथेच देऊन टाकतो :

"आपले वाहन क्र. ____ बॅटरीतील दोषामुळे रिकॉलमध्ये आहे. दोष : ____. दुरुस्ती होईपर्यंत ____ टक्क्यांच्या वर चार्ज करू नका, रात्री बंद जागेत चार्जिंगला ठेवू नका, गाडी उघड्यावर लावा. उपाय : सॉफ्टवेअर / बॅटरी बदल. काम मोफत आहे. ____ तारखेपर्यंत न झाल्यास पर्यायी वाहन मागण्याचा आपल्याला हक्क आहे. वाहन विकले असल्यास या संदेशाकडे दुर्लक्ष करा, नव्या मालकाला तो गेला आहे."

यातला पर्यायी वाहनाचा हक्क आज नियमात नाही. तो घालावा, ही विनंती. मजकूर एका संदेशात मावला नाही, तर दोन तुकडे करून पाठवा. चलानाचेही तसेच येतात.

कळावे,
आपला,
पुण्यातील एक मोटारमालक